जादा रेंजसाठी जादा पैसे मोजावेत का? इलेक्ट्रिक गाडी घेण्याआधी करायचा हिशोब

एकच मॉडेल, दोन बॅटऱ्या. लहान बॅटरीच्या गाडीवर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर, ४५० किलोमीटर लिहिलेली, मोठीवर ५५०. किमतीत चांगलाच फरक. शोरूममध्ये उभं राहून बहुतेकांचं इथेच अडतं, आणि शेवटी 'रस्त्यात अडकायला नको बाबा' म्हणून मोठी गाडी ठरते. गेली पाच वर्षं मी इलेक्ट्रिक गाडी चालवतोय. ओळखीतल्या अनेकांसोबत गाडी निवडायला बसलो आहे. माझं मत सांगतो. मोठी बॅटरी काहींना खरोखर लागते, पण ती ज्यांना लागते ते लोक आणि ती जे विकत घेतात ते लोक बऱ्याचदा वेगळे असतात. आपण कोणत्या गटात आहोत हे कागद-पेन घेऊन तासाभरात कळतं.

हिशोबासाठी दोन नमुना गाड्या धरू. लहान गाडीत वापरता येणारी ६० युनिट वीज मावते, मोठीत ७५. युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, वीजबिलावर असतं तेच. 'वापरता येणारी' हा शब्द महत्त्वाचा आहे. माहितीपत्रकात कधी बॅटरीची एकूण क्षमता छापतात, पण तिचा थोडा भाग कंपनी बॅटरीच्या रक्षणासाठी राखून ठेवते. विचारताना नेमका वापरता येणारा आकडाच विचारा.

पायरी १: चार आठवड्यांची वही

गाडी बघायला जाण्याआधी सध्याच्या गाडीचा मीटर रोज रात्री लिहून ठेवा. चार आठवडे पुरतात. शेजारच्या रकान्यात गाडी रात्री कुठे उभी होती ते लिहा. मग गेल्या वर्षातले लांबचे प्रवास आठवून वेगळ्या पानावर मांडा: किती किलोमीटर, वाटेत किती वेळा थांबलो, मुक्कामी वीज मिळाली असती का.

ही वही अंदाजापेक्षा फार वेगळं सांगते. 'माझं फिरणं खूप आहे' म्हणणाऱ्या माणसाच्या वहीत २८ पैकी २५ दिवस ३० ते ५० किलोमीटर निघतात. लक्षात राहतात ते उरलेले तीन दिवस. गाडी घेताना त्या तीन दिवसांचा विचार जरूर करायचा, पण ते वर्षात किती वेळा येतात हे ठाऊक असल्यावर.

पायरी २: गाडी रात्री कुठे झोपते?

रेंजचा सगळा प्रश्न माझ्या मते इथे सुटतो, म्हणून या पायरीवर थोडं रेंगाळतो.

घरी उभ्या गाडीला वीज मिळत असेल तर रोजच्या वापरासाठी बॅटरीचा आकार जवळपास गैरलागू होतो. रोज ६० किलोमीटर धरा. शहरात अशी गाडी १०० किलोमीटरला साधारण १४ युनिट घेते, म्हणजे ६० किलोमीटरला साडेआठ. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून प्लगमधून साडेनऊच्या आसपास ओढली जाईल. ३ किलोवॉट देणाऱ्या साध्या जोडणीवरही हे काम सव्वातीन तासांत होतं. ७ किलोवॉटचा चार्जर असेल तर दीड तासापेक्षाही कमी वेळात. सकाळी गाडी पुन्हा भरलेली. अशा घरात ६० युनिटची गाडी आणि ७५ युनिटची गाडी यांच्यातला फरक सोमवार ते शुक्रवार दिसतच नाही.

आता घरी चार्जिंग नसलेला माणूस घ्या. गाडी रस्त्यावर किंवा सामायिक जागेत उभी, चार्ज करायला बाहेर जावं लागतं. त्याला रेंज म्हणजे दोन फेऱ्यांमधले दिवस. रोज ४० किलोमीटर, आणि बॅटरी २० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात वापरायची, असं धरून बघा. ६० युनिटच्या गाडीत या पट्ट्यात ३६ युनिट येतात. शहरात त्यावर सुमारे २५७ किलोमीटर होतात, म्हणजे साडेसहा दिवसांच्या आत. ७५ युनिटच्या गाडीत ४५ युनिट, ३२० किलोमीटर, पूर्ण आठ दिवस.

साडेसहा आणि आठ यांच्यामध्ये आठवड्याची वेस आहे. मोठ्या गाडीचा मालक दर रविवारी एकदा चार्जरवर जातो आणि विसरून जातो. लहान गाडीच्या मालकाची फेरी दर आठवड्याला एक दिवस अलीकडे सरकत राहते. कधी गुरुवारी संध्याकाळी कामावरून येताना, कधी पाहुणे यायच्या दिवशी. कागदावर दीड दिवसाचा फरक, पण वर्षभर जगताना तो खूप मोठा वाटतो. जादा रेंजचा सगळ्यात मोठा लाभ लांब फिरणाऱ्याला होतो असं सगळे धरून चालतात. मला उलट दिसलं आहे. तो लाभ घरी प्लग नसलेल्या, रोज शहरातच फिरणाऱ्या माणसाला होतो.

तुमचे आकडे टाकून ही वेस बघा. रोज २५ किलोमीटरच असतील तर लहान गाडीलाही दहा दिवस मिळतात, मग मोठीची गरज नाही. रोज ७० असतील तर मोठ्या गाडीलाही जेमतेम साडेचार दिवस मिळतात. तिथे बॅटरी वाढवण्यापेक्षा कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय होते का ते बघणं जास्त उपयोगाचं.

पायरी ३: कागदावरचा आकडा रस्त्यावर आणा

माहितीपत्रकातली रेंज खोटी नसते. ती प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक वेगाच्या चक्रात मोजलेली असते. चक्र कोणतं, यावर आकडा किती फुगेल ते ठरतं. युरोपात २०१७ पासून आलेलं डब्ल्यूएलटीपी चक्र ३० मिनिटांचं, सुमारे २३ किलोमीटरचं आहे आणि त्यातला सरासरी वेग ताशी ४६ किलोमीटर पडतो. त्याआधीच्या एनईडीसीमध्ये हा वेग ३३-३४ होता. चीनच्या सीएलटीसीमध्ये तो २९ च्या आसपास आहे. चक्रातला वेग जितका कमी, तितका आकडा फुगलेला. अमेरिकेतली ईपीए ही सरकारी पर्यावरण संस्था प्रयोगशाळेतल्या आकड्यातून साधारण ३० टक्के कापूनच रेंज छापायला लावते, म्हणून तिचा आकडा त्यातल्या त्यात रस्त्याच्या जवळचा. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्हींचे आकडे एकाच चक्रातले आहेत ना, हे आधी पाहा.

हमरस्त्यावर यातली कुठलीच सरासरी लागू पडत नाही. तिथे खरा शत्रू हवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. आपल्या नमुन्यातली गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० ने १०० किलोमीटरला साधारण १३ युनिट घेईल, ताशी १०० ने १६, ताशी १२० ने २०. म्हणजे ६० युनिटची भरलेली बॅटरी ८० च्या वेगाने ४६० किलोमीटर नेते, १०० ने ३७५ आणि १२० ने ३००. वेग ४० ने वाढवला आणि १६० किलोमीटर गेले! पंधरा युनिटची जादा बॅटरी घेऊन जेवढी रेंज मिळते, त्याहून जास्त उजव्या पायाखाली असते.

आता प्रवासाच्या हिशोबाचा मुख्य आकडा. हमरस्त्यावर १०० ते ११० च्या दरम्यान चाललात तर १०० किलोमीटरला १७ युनिट धरा. घरून निघताना बॅटरी १०० टक्के भरलेली, पण १० टक्के हाताशी ठेवायचे. म्हणजे ५४ युनिट, ३१८ किलोमीटर. हा पहिला टप्पा. त्यानंतरचे टप्पे लहान असतात, कारण फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो आणि तिथे बसून राहणं परवडत नाही. १० ते ८० टक्के म्हणजे ४२ युनिट, २४७ किलोमीटर. कागदावरच्या ४५० मधले रस्त्यावर, टप्प्याटप्प्याने, २४७ उरले. मोठ्या गाडीत थोडा जास्त वापर धरून पहिला टप्पा ३८६ चा आणि पुढचे ३०० चे.

मला वाटतं, विक्रेत्याने पाटीवर हेच दोन आकडे लिहायला हवेत. ते लिहीत नाहीत, म्हणून आपण काढायचे.

थंडी आणि चढ यांची भर यात घाला. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये पाच गाड्या तपासल्या. उणे ७ अंशांत हीटर लावून रेंज सरासरी ४१ टक्के घटली. ३५ अंशांच्या उन्हात एसी लावून १७ टक्के. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून कमी विजेत गाडी ऊबदार ठेवणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत थंडीतलं नुकसान कमी होतं, म्हणून थंड प्रदेशात राहणाऱ्याने मोठ्या बॅटरीच्या आधी हीट पंप आहे का ते विचारावं. चढाचं गणित सोपं आहे. माणसांसकट १८०० किलोची गाडी हजार मीटर उंच चढवायला सुमारे ५ युनिट जादा लागतात, मोटरमधली गळती धरून साडेपाच. उतरताना त्यातला बराच भाग परत येतो, पण चार्जर माथ्यावर असेल आणि तुम्ही पायथ्याशी, तर परतीचा हिशोब तेव्हा कामाला येत नाही.

टपावरच्या सामानपेटीनेही वापर चांगलाच वाढतो. मागे ट्रेलर ओढत असाल तर रेंज जवळपास अर्धी होते. तुम्ही नियमित ट्रेलर ओढत असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, मोठी बॅटरी घ्या.

पायरी ४: वाटेवरचा सगळ्यात मोठा खड्डा

पहिल्या पायरीतले लांबचे प्रवास काढा आणि 'अ बेटर रूट प्लॅनर'सारख्या ॲपमध्ये गाडीचं मॉडेल टाकून प्रत्येक रस्ता तपासा. एकूण अंतर किती हे दुय्यम आहे. बघायचं ते दोन फास्ट चार्जरमधलं सर्वात मोठं अंतर. आणि त्यात पुढच्या चार्जरपर्यंतचं अंतरही मिळवा, कारण ज्या चार्जरवर भरवसा ठेवला तोच बंद निघू शकतो.

हे मी शिकलो ते एका संध्याकाळी. १४ टक्के घेऊन चार्जरवर पोचलो. खांब उभा होता, पडदा काळा, केबलच्या टोकावर चिखल वाळलेला. बऱ्याच दिवसांत कुणी हात लावला नव्हता हे दिसत होतं. पुढचा चार्जर ४८ किलोमीटरवर. माझ्याकडे ६० युनिटच्या बॅटरीतले साडेआठ. नेहमीच्या वेगाने ते ४९ किलोमीटर पुरले असते, म्हणजे हाताशी काहीच उरलं नसतं. एसी बंद केला, काचा थोड्या खाली घेतल्या आणि डाव्या बाजूने ताशी ६५-७० ने निघालो. मागचे ट्रक दिवे मारत होते. बायको शेजारी बसून दर काही मिनिटांनी टक्का मोठ्याने वाचत होती. ४ टक्के उरले असताना पोचलो. ४८ किलोमीटरला ६ युनिट, नेहमीपेक्षा चौथ्या हिश्श्याहून जास्त बचत.

यातून दोन नियम बांधले आणि आजवर पाळतोय. अनोळखी रस्त्यावर चार्जर १५ टक्क्यांवर गाठायचा नाही, २५ वर गाठायचा. आणि एकच खांब असलेल्या ठिकाणावर बेत आखायचा नाही, चार-सहा खांब असतील तिथेच.

तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर बंद चार्जर ओलांडून पुढच्यापर्यंतचं अंतर १५० किलोमीटर भरत असेल तर लहान गाडी आरामात पुरते. ते २२० च्या वर जात असेल आणि तो रस्ता वर्षात दहा-बारा वेळा करायचा असेल तर मोठ्या बॅटरीचे पैसे सार्थकी लागतात. मोठी बॅटरी तुम्हाला लांब नेते त्यापेक्षा एखादा चार्जर सोडून पुढे जायची मोकळीक देते. माझ्या लेखी तिची खरी किंमत तीच आहे.

पायरी ५: भरायचा वेग रेंजशेजारी ठेवा

६०० किलोमीटरचा प्रवास घ्या. लहान गाडी १० ते ८० टक्के २५ मिनिटांत भरते आणि मोठी ४५ मिनिटांत, असं समजा. बाजारात अशा जोड्या खरोखर असतात. भरण्याचा वेग बॅटरीच्या आकारासोबत तिच्या रसायनावर, थंड ठेवायच्या यंत्रणेवर आणि व्होल्टेजवर ठरतो. २०२१ मध्ये आलेली ८०० व्होल्टची ह्युंदाई आयोनिक ५ योग्य चार्जरवर १० ते ८० टक्के १८ मिनिटांत भरते.

लहान गाडी ३१८ किलोमीटरनंतर थांबते. उरले २८२. १० टक्के हाताशी ठेवून पोचायचं तर ४८ युनिट लागतील, म्हणजे ९० टक्क्यांपर्यंत भरायचं. ८० पर्यंत २५ मिनिटं, पुढच्या दहा टक्क्यांना मंद गतीमुळे आणखी नऊएक. एकूण ३४ मिनिटं. मोठी गाडी ३८६ किलोमीटरनंतर थांबते. उरले २१४, लागतात साडेसदतीस युनिट, वेळ ३२ मिनिटं. दोघीही एकदाच थांबल्या. सगळ्या जादा पैशांतून या प्रवासात दोन मिनिटं वाचली.

म्हणून विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: १० ते ८० टक्के किती मिनिटांत, आणि त्या वेळात किती युनिट? त्यावरून एका मिनिटाला किती किलोमीटर मिळतात ते काढा. आपल्या लहान गाडीला जवळपास १०, मोठीला साडेसहाच्या थोडं वर. 'कमाल १५० किलोवॉट' अशा आकड्यावर जाऊ नका. तो शिखराचा वेग काही मिनिटंच टिकतो.

पायरी ६: आठव्या वर्षीची गाडी

बॅटरी झिजते, पण भीती घालतात तेवढी नाही. जिओटॅब या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये काढलेला सरासरी दर वर्षाला १.८ टक्के होता. आठ वर्षांनी ६० युनिटचे साधारण ५१ राहतील. हमरस्त्यावरचा २४७ चा टप्पा २१० चा होईल. चौथ्या पायरीतलं अंतर या २१० शी ताडून बघा, आजच्या २४७ शी नको. अनेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात. तुमच्या गाडीच्या हमीत किती टक्के लिहिलेत ते वाचूनच सही करा.

एक गोष्ट शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. एकाच मॉडेलच्या लहान बॅटरीत बऱ्याचदा एलएफपी (लिथियम, लोह, फॉस्फेट) रसायन असतं आणि मोठीत एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्ट). एनएमसी बॅटरी रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरा असं कंपन्या सुचवतात. एलएफपी नियमित १०० टक्के भरलेली चालते, उलट टक्क्याचा अंदाज अचूक राहावा म्हणून अधूनमधून पूर्ण भरावी लागते. आता हिशोब करा. ६० युनिटची एलएफपी १०० टक्के भरली तर ६० युनिट. ७५ युनिटची एनएमसी ८० टक्के भरली तर तेही ६० च! रोजच्या सकाळी दोन्ही गाड्या सारख्याच निघतात. मोठीचे जादा १५ युनिट सुट्टीच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीच बाहेर येतात. एलएफपीची एक उणी बाजू म्हणजे कडाक्याच्या थंडीत ती हळू भरते. तसल्या हवेत राहणाऱ्याने हा मुद्दा हलका घेऊ नये.

पायरी ७: चाचणी घेताना

शोरूमभोवतीची दहा मिनिटांची फेरी रेंजबद्दल काहीच सांगत नाही. हमरस्त्यावर किमान १५ किलोमीटर जाऊन त्याच रस्त्याने परत यायची परवानगी मागा, म्हणजे चढ आणि वारा दोन्ही बाजूंनी फिटतात. निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणा, एसी नेहमीसारखा ठेवा, तुमच्या रोजच्याच वेगाने चालवा. परत आल्यावर पडद्यावरचा १०० किलोमीटरला लागलेल्या युनिटांचा आकडा लिहून घ्या. पडद्यावर 'उरलेले किलोमीटर' म्हणून जे दिसतं त्याकडे दुर्लक्ष करा. ते आधीच्या चालकाच्या सवयीवरून बांधलेला अंदाज असतो.

हा वापराचा आकडा बॅटरीच्या आकाराइतकाच निर्णायक आहे. मर्सिडीजने २०२२ मध्ये व्हिजन ईक्यूएक्सएक्स ही प्रायोगिक गाडी १०० युनिटपेक्षा थोड्या कमी बॅटरीवर, एका चार्जमध्ये हजार किलोमीटरच्या पुढे नेली. वापर होता १०० किलोमीटरला ८.७ युनिट. तशी गाडी आपल्याला मिळणार नाही, पण १५ घेणारी आणि १९ घेणारी अशा दोन गाड्या एकाच शोरूममध्ये सापडतात. १५ घेणारीला ६० युनिटांत जे अंतर मिळतं, त्यासाठी १९ घेणारीला ७६ लागतात.

एवढं सगळं करूनही मन दोलायमान असेल तर लहान बॅटरीची गाडी दोन दिवस भाड्याने घ्या आणि वहीतल्या सर्वात लांब प्रवासाला घरच्या सगळ्यांसह, सामानासकट निघा. प्रत्येक थांब्यावर पोचतानाचा टक्का आणि तिथे गेलेली मिनिटं लिहा. दर वेळी २० टक्क्यांच्या वर पोचलात आणि गाडी भरून तयार झाली तेव्हा घरचे अजून परतले नव्हते, तर लहान गाडीच नोंदवा. टक्का पाहून तुम्ही वेग कमी करत राहिलात, किंवा सगळे गाडीत बसून चार्जिंग संपायची वाट बघत राहिले, तर मोठी घ्या.